दोन आवाहनं आणि एक पावतीपुस्तक: एका तालुका वार्ताहराच्या सुटकेचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातलं आहे. माणसांची, गावाची आणि वर्तमानपत्राची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण खटला अजून उभा आहे आणि साक्षीदार त्याच गावात राहतात. मी साताऱ्यातल्या एका दैनिकात डेस्कवर काम करतो. अटक झालेला वार्ताहर माझ्या दैनिकाचा नव्हता, पण त्याच्या सुटकेसाठी जी दोन आवाहनं निघाली ती दोन्ही लिहिली मी. पहिलं चुकलं, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच माणसानं कोठडीत मोजली. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाऊस उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत फिरतो. महाबळेश्वर-पाटणचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना एकाच जिल्ह्यात माण-खटावसारखे तालुके आहेत हे खरं वाटत नाही. तिकडच्या गावांत मार्चपासून टँकर सुरू होतो आणि गावाचा दिवस टँकरच्या खेपेवर ठरतो. प्रत्येक खेपेची नोंद वहीत होते, त्यावर गावातल्या कुणाची तरी सही घेतात, टँकरला जीपीएस असतं. या नोंदींवर ठेकेदाराचं बिल निघतं.

आमचा हा वार्ताहर तिथला तालुका प्रतिनिधी. वय चाळिशीच्या आत. घरी दोन गाई, बायको ब्लाऊज शिवते, मुलगी सातवीत. वर्तमानपत्राकडून पगार नाही. नेमणूकपत्र नाही, फक्त गळ्यात घालायचं ओळखपत्र, तेही दरवर्षी नवं करून घ्यायचं. पैसे मिळतात ते जाहिरातीच्या कमिशनवर. पाडवा, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, वर्धापनदिनाची पुरवणी, या प्रत्येकाचं टार्गेट असतं. खेड्यात जाहिरात देणार कोण? पतसंस्था, दूध डेअरी, सरपंच आणि ठेकेदार. ज्यांच्यावर उद्या बातमी लिहायची वेळ येईल त्यांच्याच दारात आज पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. तालुका पातळीवरची सगळी पत्रकारिता या खिळ्याला टांगलेली आहे आणि आम्ही डेस्कवर बसणारे सोयीस्करपणे तिकडे बघत नाही.

पाडव्याच्या पुरवणीसाठी त्यानं टँकरच्या ठेकेदाराकडून सहा हजारांची जाहिरात घेतली. पैसे फोनवरून त्याच्या खात्यात आले. पाचव्या पानावर ठेकेदाराचा फोटो आणि शुभेच्छा छापून आल्या.

तीन आठवड्यांनी एका वाडीतल्या बायकांनी त्याला बोलावलं. तो दोन दिवस विहिरीजवळच्या लिंबाखाली बसून राहिला. दोन्ही दिवस टँकर दोनदा आला. वहीत चार-चार खेपा होत्या. एका खेपेपुढे जिची सही होती ती बाई त्या दिवशी माहेरी, दुसऱ्या तालुक्यात होती. वहीच्या पानाचा फोटो घेऊन त्यानं बातमी पाठवली आणि ती छापूनही आली.

अटक

बातमीनंतर सहाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं आणि तिथेच अटक दाखवली. दोन फिर्यादी एकत्र केल्या होत्या. ठेकेदाराचं म्हणणं, बातमी न छापण्यासाठी पन्नास हजार मागितले, पैकी सहा हजार दिले. आणि एका कर्मचाऱ्याचं म्हणणं, फोटो काढताना वही हिसकावून सरकारी कामात अडथळा आणला. म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ आणि कलम १३२. दोन्ही अजामीनपात्र.

अटकेसाठी शुक्रवार संध्याकाळ निवडली जाते यामागे काय असतं ते ग्रामीण भागात वकिली करणाऱ्या कुणालाही विचारावं. शनिवारी रिमांड झाला, सोमवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. सोमवारी न्यायालयीन कोठडी.

नेमकी अडचण

खंडणी हा शब्द पत्रकाराच्या कपाळावर लागला की पुसता येत नाही. मारहाण झाली असती तर गाव बाजूनं उभं राहिलं असतं. खंडणी म्हटल्यावर माणसं दोन पावलं मागे सरकतात, कारण खंडणी मागणारे ओळखपत्रवाले त्यांनी खरोखर पाहिलेले असतात. अशा वेळी एखाद्या माणसासाठी जाहीर आवाहन करायचं म्हणजे ‘हा तसा नाही’ हे सांगावं लागतं, आणि ते सांगायला पुरावा हाती असावा लागतो.

दुसरी अडचण ही की त्याला स्वतःचं म्हणून कोणी नव्हतं. वर्तमानपत्रानं पहिल्याच दिवशी तोंडी कळवलं की तो आमचा कर्मचारी नाही. जी संघटना दर ६ जानेवारीला पत्रकार दिनाचा कार्यक्रम घेते, तिच्यात दोन गट होते आणि हा दोन्हीत नव्हता.

समोर असलेले पर्याय

शनिवारी रात्री आम्ही सातजण सदर बझारात एकाच्या घरी जमलो. चार पत्रकार, एक निवृत्त प्राध्यापक, एक सामाजिक कार्यकर्ती आणि एक वकीलताई.

मोर्चा काढावा, पोवई नाक्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत, असं दोघांचं मत होतं. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश होता. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली असे आदेश वरचेवर निघत असतात. परवानगीशिवाय गेलो असतो तर सोडवायला गेलेल्यांवरच गुन्हे दाखल झाले असते. मोर्चा बारगळला.

पत्रकार संरक्षण कायदा लावा, असा एकाचा आग्रह होता. महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे खरा, पण तो पत्रकारावर झालेल्या हल्ल्यासाठी आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी आहे. पोलिसांनी गुन्हा दाखल करून अटक केली तर त्या कायद्यात हात घालायला काही सापडत नाही. वकीलताईंनी हे शांतपणे सांगितलं, तरी पुढचे पंधरा दिवस निवेदनांत ती मागणी येतच राहिली. कायद्याचं नाव ऐकून माणसांना धीर येतो, त्यामुळे ते नाव सुटत नाही.

तिसरा पर्याय गप्प राहून कोर्टात लढण्याचा. वकीलताई त्याच मताच्या होत्या. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्णेश कुमार निकालातच सांगितलेलं आहे. अटकेची कारणं लेखी दिली का, हाही मुद्दा होता. न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक १५ मे २०२४ रोजी याच कारणावरून बेकायदा ठरली होती. छापील अर्जावर सगळ्यांना सारख्या लागू पडणाऱ्या खुणा करणं वेगळं आणि या माणसाला का धरलं हे लिहून देणं वेगळं, असा फरक कोर्टानं त्यात केला. आमच्या वार्ताहराच्या हातात छापील अर्जच होता. ताईंचं म्हणणं एवढंच की आधी कागद गोळा करू, चार दिवस कुणी काही लिहू नका.

चौथा पर्याय जाहीर आवाहनाचा. तो माझा आणि प्राध्यापकांचा. माणूस आत आहे आणि बाहेर शांतता आहे, ही गोष्ट मला सहन होत नव्हती. प्राध्यापकांनी ‘प्रतोद’ची आठवण काढली. १८९७ साली इस्लामपूरच्या, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, त्या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला होता. सातारच्या सत्र न्यायालयानं दिलेली जबर शिक्षा मुंबई हायकोर्टानं कमी केली. त्याच वर्षी टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि त्यांच्या सुटकेसाठी मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी विलायतेत अर्जावर सह्या केल्या. आपल्या जिल्ह्याला ही परंपरा आहे, असं ते म्हणाले आणि बैठकीचा कल फिरला.

आज त्या रात्रीकडे पाहताना एक गोष्ट खटकते. मॅक्सम्युलर आदींच्या अर्जात टिळक निर्दोष आहेत असा वाद घातलेला नव्हता, दयेची विनंती होती. सही करणाऱ्यांनी ज्याची ग्वाही देता येईल तेवढंच मागितलं होतं. परंपरा आठवणारे आम्ही, नेमका हा भाग विसरलो.

पहिलं आवाहन

रविवारी रात्री मी मजकूर लिहिला. पहिलंच वाक्य होतं: ‘या पत्रकाराने कुणाकडूनही एक पैसा घेतलेला नाही.’ पुढे ठेकेदाराचं नाव, गावाचं नाव. ‘वाडीतल्या महिला कोर्टात येऊन सत्य सांगतील’ असं एक वाक्य. ‘अघोषित आणीबाणी’ हा शब्द दोनदा. मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो आणि त्याखाली ‘माझे बाबा कधी येणार?’ शेवटी मागणी: तात्काळ सुटका करा. कुणाकडे? मुख्यमंत्री, गृहमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, न्यायालय, सगळ्यांकडे.

बुधवारपर्यंत दोनशेच्या वर सह्या झाल्या. पुण्या-मुंबईची नावं आली, कोल्हापूर-सांगलीची आली. मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरला. ठेकेदाराच्या खात्यातून वार्ताहराच्या खात्यात सहा हजार रुपये. तारीख, वेळ, नाव, सगळं स्वच्छ. खाली एकच ओळ, ‘एक पैसा नाही म्हणे.’

दुपारपर्यंत अकरा जणांनी फोन करून नाव काढायला सांगितलं. त्यातले एक माझे शिक्षक होते. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “अरे, तू खात्री केली होतीस ना?”

शुक्रवारी खालच्या कोर्टात जामीन फेटाळला गेला. फेटाळण्याची कारणं कोर्टाची स्वतःची होती, तपास सुरुवातीच्या टप्प्यावर आहे वगैरे. पण सरकार पक्षानं जो ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, दिला, त्याला आमच्या आवाहनाची प्रत जोडली होती. ‘महिला कोर्टात येऊन सांगतील’ या वाक्याखाली पेनानं रेघ मारलेली. आरोपीच्या पाठीराख्यांनी साक्षीदार आधीच ठरवले आहेत, फिर्यादीचं नाव जाहीर करून दबाव आणला आहे, सुटल्यास तो पुराव्यात ढवळाढवळ करील, असा त्यांचा युक्तिवाद. मी लिहिलेलं वाक्य त्याच्या विरोधात वाचून दाखवलं जात होतं आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो.

पावतीपुस्तक

शनिवारी मी त्याच्या घरी गेलो. अटकेला आठ दिवस होऊन गेले होते आणि आमच्यापैकी कुणीही तोवर त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. फोन केले होते, धीर दिला होता, मुलीचा फोटो मागून घेतला होता. विचारलं काहीच नव्हतं.

वहिनी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. लग्नसराईचे ब्लाऊज द्यायचे राहिले होते. मी चाचरत पैशांचा विषय काढला. त्यांनी पायडल थांबवलं.

“घेतल्यात की भावजी पैसे. जाहिरातीचं. पाडव्याला. तुमी पेपरात एक पैसा न्हाई म्हनून लिवलं, मला वाटलं तुमाला ठावं आसंल. पावती फाडलीया त्यांनी.”

“पावती कुठं आहे?”

त्यांनी मशीनचा ड्रॉवर ओढला. बॉबिन, हुकांची पाकिटं, मापाची वही, आणि त्याखाली पावतीपुस्तक. एका बाजूला कार्बन चिकटून निळसर झालेली पानं. सदतिसाव्या पावतीवर ठेकेदाराचं नाव, सहा हजार रुपये अक्षरी आणि आकडी, ‘पाडवा पुरवणी, पाव पान’, आणि तारीख. स्क्रीनशॉटवरचीच तारीख. मूळ पावती ठेकेदाराकडे, ही दुसरी प्रत. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं हिशेब होता: एकूण, कार्यालयाला भरलेले, कमिशन, आणि कमिशनपुढे ‘फी’ असा शब्द. मुलीची शाळेची फी.

पुरवणीचा अंक कपाटावर वर्तमानपत्र म्हणून अंथरलेला होता. वहिनींनी वरची भांडी उतरवून तो काढून दिला. पाचवं पान, ठेकेदाराचा हसरा फोटो.

म्हणजे बातमी छापण्याआधी तीन आठवडे पैसे आले, त्याची पावती दिली, जाहिरात छापली आणि तरीही बातमी लिहिली. आमच्याकडे सांगायला याहून चांगली गोष्ट नव्हती, आणि आम्ही ती दडवली होती, कारण आम्हाला ती माहीतच नव्हती. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. निघताना वहिनी म्हणाल्या, “तेवढा फोटो काढून टाका. साळंत पोरं चिडवत्यात तिला, बाबा कधी येनार म्हनून.”

या भेटीला मी या प्रकरणातला सर्वांत मोठा वळणबिंदू मानतो. पहिल्या शनिवारी आम्ही सातजण सदर बझारात जमलो, ते त्या घरी जमायला हवं होतं.

निवेदन फिरतं कसं

दुसऱ्या आवाहनाआधी वकीलताईंनी आम्हाला एक गोष्ट कागदावर काढून दाखवली. आम्ही पहिल्या आठवड्यात कलेक्टर कचेरीत निवेदन दिलं होतं, पोहोच घेतली होती, आवक शिक्क्याचा फोटो सगळीकडे टाकला होता. ते निवेदन तिथून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पोलीस अधीक्षकांकडे गेलं. तिथून उपविभागाकडे. तिथून त्याच पोलीस ठाण्याकडे, जिथे गुन्हा दाखल झाला होता. आणि ज्या अधिकाऱ्यानं अटक केली त्यानंच उत्तर लिहिलं: तपास चालू आहे, अर्ज दप्तरी दाखल करावा.

सुटका करा, असं जिल्हाधिकाऱ्यांना सांगून उपयोग नाही. कोठडीत धाडलेल्या माणसाला सोडण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि न्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिणं तर गैरच. मग यांच्यापैकी प्रत्येकाच्या हातात नेमकं काय आहे? हा प्रश्न आम्ही दहाव्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

दुसरं आवाहन

यावेळी एकच मजकूर सगळ्यांना पाठवला नाही. चार वेगळी पत्रं केली.

जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रात वार्ताहराचं नाव फक्त संदर्भापुरतं होतं. मागणी अशी की संबंधित गावाच्या टँकरची जीपीएस नोंद आणि खेपांची मूळ वही सुरक्षित ठेवावी, बिल काढण्याआधी दोन्ही ताडून पाहावं. टंचाईचा विषय त्यांचाच, त्यामुळे हे पत्र फिरून पोलीस ठाण्यात जाण्याचं कारण नव्हतं.

पोलीस अधीक्षकांकडे दोन मागण्या: तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, आणि पावतीपुस्तक, पुरवणीचा अंक व बँकेचा उतारा तपासाच्या कागदांत घ्यावा. पावतीपुस्तकाची प्रत जोडली, मूळ वकीलताईंकडे ठेवलं.

तिसरं पत्र वर्तमानपत्राच्या व्यवस्थापनाला. याच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. मला रागानं लिहायचं होतं. सामाजिक कार्यकर्तीनं चार वेळा मजकूर खोडला. शेवटी एवढंच मागितलं: ही जाहिरात आपल्या अंकात छापली आणि तिचे पैसे आपल्या कार्यालयात जमा झाले, एवढं लेखी द्या. तो तुमचा कर्मचारी आहे की नाही हा वाद त्यात आणलाच नाही.

चौथं भारतीय प्रेस परिषदेला, माहितीसाठी. तिकडून उत्तर यायच्या आत तो घरी आला होता.

आणि लोकांसाठीचं आवाहन. पहिल्या परिच्छेदात जाहीर दुरुस्ती: ‘आधीच्या आवाहनात आम्ही चुकीचं विधान केलं. सहा हजार रुपये घेतले होते, ते जाहिरातीचे होते, त्याची पावती आहे, जाहिरात छापली गेली आहे.’ फिर्यादीचं नाव नाही, साक्षीदारांचा उल्लेख नाही, मुलीचा फोटो नाही. तो निर्दोष आहे असंही आम्ही लिहिलं नाही. लिहिलं ते असं की पुरावा सगळा कागदावर आहे, त्यासाठी माणसाला आत ठेवण्याची गरज नाही. दुरुस्ती सर्वांत वर घालायला दोघांचा विरोध होता, आपण स्वतःहून चूक कशाला मिरवायची म्हणून. मला ती वरच हवी होती. ज्या अकरा जणांनी नावं काढली होती त्यांना मी प्रत हातानं नेऊन दिली. सातजणांनी पुन्हा सही केली, माझ्या शिक्षकांनीही.

यावेळी सहीसोबत पत्ता, व्यवसाय आणि एक प्रश्न होता: तुम्ही जामीनदार राहाल का?

सह्या एकेचाळीस झाल्या. जामीनदार राहायला तयार तिघे.

जामीनदार

हा भाग आवाहनं करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ५ ऑक्टोबर २०२० रोजी हाथरसला जाताना मथुरेजवळ अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानं ९ सप्टेंबर २०२२ रोजी जामीन दिला, पण दुसरा खटला आणि जामीनदारांची पडताळणी यांत ते लखनौच्या तुरुंगातून बाहेर आले २ फेब्रुवारी २०२३ ला. त्यांच्यासाठी देशभर सह्या झाल्या होत्या. लखनौत जामीनदार म्हणून पुढे आल्या त्या विद्यापीठाच्या माजी कुलगुरू रूपरेखा वर्मा, एका अनोळखी माणसासाठी.

आमच्याकडच्या तिघांपैकी एक होते अण्णा. निवृत्त पशुवैद्यकीय कर्मचारी, वार्ताहराच्या गाईंना इंजेक्शन द्यायला कधीकाळी गेलेले, एवढीच ओळख. त्यांनी तेराव्या दिवशीच सातबारा काढला, तहसीलमधून ऐपतीचा दाखला घेतला आणि सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वकीलताईंच्या ऑफिसात आणून ठेवलं. जामीन झालाच नव्हता तेव्हा. मी म्हटलं, अण्णा, इतकी घाई? ते म्हणाले, “ऑर्डर झाल्यावर दाखल्याला धावायचं म्हणजे पोराच्या दोन रात्री जायच्या.”

सुटका

सोळाव्या दिवशी वर्तमानपत्राचं पत्र आलं. दोन ओळींचं, कोरडं, पण हवं ते होतं. त्याच आठवड्यात तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला.

सत्र न्यायालयात एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, जामीन मंजूर झाला. पंचवीस हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. कोर्टानं म्हटलं की पुरावा कागदोपत्री आहे आणि कोठडीत ठेवून आणखी काही साधणार नाही. अटकेच्या लेखी कारणांचा मुद्दा कोर्टानं ठरवला नाही, जामिनापुरतं ते गरजेचं नव्हतं.

ऑर्डरची प्रत हातात येईपर्यंत पाच वाजून गेले. अण्णांची पिशवी तयार होती तरी कारागृहाची वेळ टळली. बुधवारी सकाळी तो बाहेर आला. हार-तुरे कुणी आणू नयेत असं आम्ही आधीच ठरवलं होतं. वहिनींनी डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. त्यानं तिथेच रस्त्याकडेला, उभ्यानं, दोन घास खाल्ले आणि विचारलं, “टँकर किती येत्यात आता?”

काय साधलं, काय नाही

जामीन मिळाला तो कायद्यानं आणि वकीलताईंच्या मेहनतीनं. दुसऱ्या आवाहनामुळे कोर्ट हललं असं मी म्हणणार नाही, तसं झालं असतं तर ते वाईटच होतं. आवाहनानं तीन गोष्टी मिळाल्या: वर्तमानपत्राचं पत्र, दुसरा तपास अधिकारी आणि अण्णा. त्या गावच्या टँकरचं बिल ताडून पाहण्यासाठी थांबवलं गेलं, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

खटला संपलेला नाही. आरोपपत्र दोन्ही कलमांखाली दाखल झालं. दोषमुक्तीचा अर्ज दिला आहे. वर्तमानपत्रानं त्याचं ओळखपत्र नवं केलं नाही. तो आता एका साप्ताहिकाला बातम्या देतो आणि ठेकेदारांच्या जाहिराती घेत नाही, त्यामुळे मिळकत निम्म्याहून कमी झाली आहे. वहिनींनी रात्रीची शिलाई वाढवली आहे.

तुरुंगातल्या पत्रकारांची जगभर मोजणी होते. कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्सच्या नोंदीप्रमाणे १ डिसेंबर २०२४ रोजी ३६१ पत्रकार तुरुंगात होते. ही मोजणी त्या एका दिवसाची असते. उन्हाळ्यात एकोणीस रात्री आत काढून आलेला, खंडणीच्या कलमाखाली धरलेला तालुका वार्ताहर त्यात बसत नाही. म्हणून त्याच्यासाठीचं आवाहन त्याच्या जिल्ह्यातच, त्याला ओळखणाऱ्यांनीच करावं लागतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिले चोवीस तास घरच्यांकडे आणि कागदांकडे. पैशाचा प्रश्न अवघड वाटला तरी पहिल्या भेटीतच विचारीन. आरोप खंडणीचा असेल तर लोकांच्या मनात तोच प्रश्न असतो, आपण तो टाळला म्हणून तो जात नाही.

मजकूर वकिलाला दाखवल्याशिवाय एक ओळही बाहेर जाणार नाही. वकीलताईंनी चार दिवस मागितले होते, मी त्यांना एकही दिला नाही. साक्षीदारांचं वाक्य त्यांनी पहिल्या नजरेत खोडलं असतं.

मुलांचे फोटो कधीच नाही. वहिनी ‘हो’ म्हणाल्या होत्या, पण त्या दिवशी त्या कशालाही हो म्हणाल्या असत्या.

एका बाबतीत मात्र मी अजून वकीलताईंशी सहमत नाही. त्या म्हणतात, पहिलं आवाहन निघायलाच नको होतं. मला वाटतं निघायला हवं होतं, फक्त पाच ओळींचं: अमुक दिवशी अटक झाली, नोटीस दिली नाही, लेखी कारणं दिली नाहीत, वकील दिला आहे, जामीनदार हवेत. आत बसलेल्या माणसानं नंतर मला सांगितलं की पहिल्याच आठवड्यात कोठडीतल्या एका शिपायानं त्याला हळूच सांगितलं, “तुमच्यासाठी साताऱ्यात सह्या चालल्यात.” त्या रात्री तो पहिल्यांदा झोपला. चुकीच्या मजकुराचं आवाहन होतं ते, तरी त्याला झोप त्यानंच आली. या गोष्टीचा मी काय अर्थ लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दर रविवारी तो हजेरीला जातो. अण्णा बरोबर असतात, त्यांची गरज नसली तरी. पावतीपुस्तक कोर्टात जमा आहे. वहिनींनी नवं आणून ठेवलं आहे, मशीनच्या त्याच ड्रॉवरमध्ये, आणि प्रत्येक पावतीची दुसरी प्रत त्या स्वतः तपासून घेतात.